चितेगावहून त्रिनिदादला : प्रवेशाचे नियम आणि आरोग्याची तयारी

कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण टोकाला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून जेमतेम 11 किलोमीटरवर असलेले त्रिनिदाद हे बेट मराठी वाचकाला नकाशापेक्षा क्रिकेटमुळेच अधिक परिचित आहे. पोर्ट ऑफ स्पेन या राजधानीतील क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर मार्च 1971 मध्ये अजित वाडेकर यांच्या संघाने वेस्ट इंडीजविरुद्ध भारताला पहिला कसोटी विजय मिळवून दिला आणि सुनील गावसकर यांनी त्याच सामन्यात कसोटी पदार्पण केले, त्यामुळे मैदानाचे नाव तीन पिढ्यांच्या तोंडी बसले. मात्र त्या मैदानापर्यंत आज सामान्य माणसाला कसे पोहोचता येते, तेथे प्रकृती कशी सांभाळावी लागते आणि तेथून सुखरूप मायदेशी कसे परतता येते, याची व्यवस्थित माहिती मराठीत क्वचितच मिळते. छत्रपती संभाजीनगर ते पैठण या रस्त्यावर शहरापासून साधारण 14 किलोमीटरवर असलेले चितेगाव हे या माहितीच्या दृष्टीने योग्य प्रस्थानस्थान ठरते, कारण व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे ज्याचा पत्ता देशभर पोहोचला, त्या या औद्योगिक गावातून नोकरी, शिक्षण, नातेवाइकांची भेट किंवा पर्यटन अशा कोणत्याही निमित्ताने परदेशी जाणारा माणूस आता अपवाद राहिलेला नाही; आणि या प्रवासातील सर्वांत महत्त्वाच्या नियमाचे खरे कारणही, पुढे दिसेल त्याप्रमाणे, चितेगावसारख्या गावाच्या अंगणातच सापडते.

तो नियम थोडक्यात असा आहे की त्रिनिदादमध्ये शिरताना भारतीय प्रवाशाला फारशी अडचण येत नाही, परंतु तेथून भारतात परत येताना पिवळ्या तापाची लस घेतल्याचे प्रमाणपत्र जवळ नसेल, तर त्याला घरी जाण्याऐवजी विलगीकरणात राहावे लागू शकते. प्रवासाची तयारी करताना बहुतेकांचे लक्ष जाण्याच्या परवानगीवर खिळलेले असते. येथे मात्र परतीचा विचार आधी करणे आवश्यक आहे.

पूर्वीचे प्रवासी, पूर्वीची तपासणी

भारत आणि त्रिनिदाद यांच्यातील प्रवासात आरोग्याची तपासणी पहिल्यापासूनच महत्त्वाची राहिलेली आहे. 30 मे 1845 रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास भारतीय मजुरांना घेऊन त्रिनिदादला पोहोचले आणि करारबद्ध मजुरीच्या, म्हणजे ठरावीक वर्षे ठरावीक मळ्यावर राबण्याचा करार करून माणसे नेण्याच्या, पद्धतीला तेथे आरंभ झाला. 1917 मध्ये ही पद्धत बंद होईपर्यंत सुमारे 1,44,000 भारतीय या बेटावर नेले गेले. त्यांतील बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधून कोलकात्याच्या बंदरामार्गे गेले. जहाजावर चढण्यापूर्वी त्यांची वैद्यकीय तपासणी होई, त्यांना देवीची लस टोचली जाई, आणि नाव, गाव, जात, उंची व शरीरावरील खुणा नोंदवलेला परवाना त्यांच्या हाती दिला जाई. 1866 पासून त्यांना थेट मुख्य बेटावर न उतरवता पारियाच्या आखातातील नेल्सन बेटावर उतरवले जाऊ लागले. तेथे आजाऱ्यांना वेगळे काढून, बाकीच्यांना काही दिवस विश्रांती देऊन मग मळ्यांवर पाठवले जाई. आजचा प्रवासी स्वेच्छेने आणि सन्मानाने जातो, हा फरक फार मोठा आहे. तरीही माणसाबरोबर रोगाने प्रवास करू नये, ही काळजी तेव्हाही होती आणि आजही आहे.

पासपोर्ट, व्हिसा आणि वाटेतले देश

चितेगावच्या रहिवाशाची पहिली पायरी अर्थातच पासपोर्टची. अर्ज ऑनलाइन भरल्यानंतर छत्रपती संभाजीनगरमधील पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्रात कागदपत्रांची तपासणी करून घेता येते, आणि पत्त्याची शहानिशा स्थानिक पोलीस ठाण्यामार्फत होते. दहावी उत्तीर्ण नसलेल्या अर्जदाराच्या पासपोर्टला ‘ईसीआर’ असा दर्जा मिळतो, म्हणजे काही देशांत नोकरीसाठी जाताना त्याला प्रवासी कामगार संरक्षण अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. परंतु हा नियम ठरवून दिलेल्या 18 देशांपुरता असून त्यांत एकही कॅरिबियन बेट नाही, त्यामुळे या दर्जामुळे त्रिनिदादचा प्रवास अडत नाही. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असणे हिताचे असते. मुदत संपत आली असेल तर पासपोर्टचे नूतनीकरण आधी करून लस नंतर घ्यावी, कारण लसीच्या प्रमाणपत्रावर पासपोर्टचा क्रमांक लिहिला जातो आणि दोन्हींवरील क्रमांक जुळले की तपासणी सुरळीत होते.

व्हिसाच्या बाबतीत कॅरिबियन बेटे एकसारखी नाहीत, हे ध्यानात ठेवले पाहिजे, कारण हा प्रदेश एक देश नसून स्वतंत्र राष्ट्रे आणि युरोप-अमेरिकेच्या ताब्यातील बेटे यांचे मिश्रण आहे. त्रिनिदाद आणि टोबॅगो, बार्बाडोस, जमैका, ग्रेनेडा, डॉमिनिका यांसारखी राष्ट्रे भारतीय पासपोर्टधारकाला पर्यटनासाठी मर्यादित काळापुरता आगाऊ व्हिसा न घेता प्रवेश देतात. त्रिनिदाद आणि टोबॅगोसाठी ही मर्यादा 90 दिवसांची आहे. याउलट पोर्टो रिकोला जाण्यासाठी अमेरिकेचा व्हिसा, मार्टिनिक आणि ग्वाडेलूपला जाण्यासाठी फ्रान्सने त्या प्रदेशांपुरती दिलेली परवानगी, आणि अरुबा किंवा कुरासावसाठी नेदरलँड्सच्या कॅरिबियन प्रदेशाचे नियम पाहावे लागतात. 2007 च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळी यजमान देशांनी मिळून प्रेक्षकांसाठी एकच सामाईक व्हिसा काही काळ चालवला होता, पण ती सोय स्पर्धेपुरतीच राहिली. नियम बदलत असल्याने तिकीट काढण्यापूर्वी नवी दिल्लीतील त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या उच्चायुक्तालयाकडे खात्री करून घेणे इष्ट असते.

खरी अडचण बेटाची नसून वाटेची आहे. मुंबईहून पोर्ट ऑफ स्पेनच्या पियार्को विमानतळावर थेट विमान जात नाही. लंडन, ॲमस्टरडॅम, न्यूयॉर्क, मायामी, टोरांटो किंवा पनामा अशा एखाद्या शहरात विमान बदलावे लागते, आणि त्या देशाचा संक्रमण व्हिसा, म्हणजे केवळ विमान बदलण्यासाठी लागणारी परवानगी, हा स्वतंत्र विषय आहे. अमेरिकेत तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकणाऱ्या भारतीय प्रवाशालाही व्हिसा लागतो, कारण तेथे आंतरराष्ट्रीय संक्रमणासाठी निराळा कक्ष नसून प्रत्येक प्रवाशाला इमिग्रेशनमधून जावे लागते. बेटावर व्हिसा लागत नाही एवढ्या माहितीवर स्वस्त तिकीट काढणाऱ्या प्रवाशाला मुंबईच्या चेक-इन काउंटरवरूनच परत फिरावे लागते ते याच कारणाने. पनामामार्गे जाणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, ती अशी की पनामा हा भारताच्या यादीत पिवळ्या तापाचा देश आहे, त्यामुळे तेथे विमानतळाबाहेर मुक्काम केल्यास त्या मुक्कामालाही प्रमाणपत्राची अट लागू होते.

पियार्को येथे इमिग्रेशन अधिकारी परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा मागू शकतो. आगाऊ व्हिसा लागत नाही याचा अर्थ प्रवेश हक्काने मिळतो असा होत नाही. अमेरिकेत चोरट्या मार्गाने पोहोचवणारे दलाल व्हिसामुक्त देशांचा वापर करतात, आणि डिसेंबर 2023 मध्ये निकाराग्वाकडे निघालेले 303 प्रवाशांचे विमान फ्रान्समध्ये अडवून भारतात परत पाठवले गेले, तेव्हापासून अशा मार्गांवरील भारतीय प्रवाशांची चौकशी अधिक बारकाईने होते. ‘आधी बेटावर जा, पुढचे आम्ही बघतो’ असे सांगणाऱ्या दलालापासून कष्टाची कमाई आणि जीव दोन्ही वाचवणे हे प्रत्येक कुटुंबाचे कर्तव्य आहे. प्रामाणिक प्रवाशाने मात्र हॉटेलचे आरक्षण, यजमानाचे पत्र आणि बँकेचे विवरण छापील स्वरूपात जवळ ठेवले, तर त्याला भिण्याचे कारण नाही.

पिवळा ताप आणि पिवळे पुस्तक

पिवळा ताप हा डासांमार्फत पसरणारा विषाणूजन्य रोग आहे. डास चावल्यापासून साधारण तीन ते सहा दिवसांत ताप, अंगदुखी आणि उलट्या सुरू होतात. बहुतेक रुग्ण बरे होतात, परंतु काहींच्या यकृतावर आणि मूत्रपिंडांवर आघात होऊन कावीळ होते, रक्तस्राव होतो आणि मृत्यू ओढवतो. काविळीमुळे डोळे आणि त्वचा पिवळी पडते, म्हणून हे नाव. या रोगावर विषाणूचा नाश करणारे खात्रीचे औषध नाही. खात्रीची आहे ती लस. ‘17-डी’ नावाने ओळखली जाणारी ही लस मॅक्स थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937 मध्ये सिद्ध केली आणि त्याबद्दल थेलर यांना 1951 चे नोबेल पारितोषिक मिळाले. क्षीण केलेला जिवंत विषाणू असलेल्या या लसीची एकच मात्रा पुरते, आणि 11 जुलै 2016 पासून तिचे प्रमाणपत्र आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. त्यापूर्वी ते दर दहा वर्षांनी नवे करावे लागत असे.

प्रमाणपत्र लस घेतल्याच्या दिवसापासून नव्हे, तर दहा दिवसांनंतर वैध होते, कारण शरीरात प्रतिकारशक्ती तयार होण्यास तेवढा काळ लागतो. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मान्यता दिलेल्या केंद्रांतच ती दिली जाते, आणि मुंबईतील विमानतळ आरोग्य संघटना व बंदर आरोग्य संघटना ही त्यांपैकी जुनी केंद्रे आहेत. एका कुपीत अनेकांच्या मात्रा असतात आणि कुपी एकदा तयार केली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून ही केंद्रे ठरावीक दिवशी आणि आधी नोंदणी केलेल्यांनाच बोलावतात. चितेगावच्या माणसाला यासाठी मुंबईची स्वतंत्र खेप करावी लागण्याची शक्यता असल्याने, निघण्याच्या किमान सहा आठवडे आधी केंद्राची तारीख मिळवणे शहाणपणाचे ठरते.

हाती पडणारे प्रमाणपत्र म्हणजे पिवळ्या रंगाची लहानशी पुस्तिका असते आणि ती केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वी ओळीओळीने तपासून घ्यावी : नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळते का, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक बरोबर आहे का, लसीचा उत्पादक आणि बॅच क्रमांक लिहिला आहे का, डॉक्टरांची सही आणि केंद्राचा अधिकृत शिक्का उमटला आहे का, आणि धारकाची स्वतःची सही राहून तर गेली नाही ना. यांतील एखादी नोंद राहिली तरी लस घेऊनही प्रमाणपत्र अवैध ठरू शकते.

ही लस सर्वांना देता येत नाही. सहा महिन्यांखालील बालके, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, कर्करोगावरील किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असलेले, आणि थायमस ग्रंथीचे विकार असलेले रुग्ण यांना ती वर्ज्य आहे. साठीपुढील व्यक्ती, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्याबाबतीत डॉक्टर धोका आणि गरज यांचे तारतम्य पाहून निर्णय घेतात. गोवराच्या लसीसारखी दुसरी जिवंत लस घ्यायची असेल, तर ती त्याच दिवशी किंवा चार आठवड्यांच्या अंतराने घेण्याचा संकेत आहे. वैद्यकीय कारणाने लस घेता न येणाऱ्याला तसे लेखी प्रमाणपत्र मिळते, मात्र ते कितपत मान्य करायचे याचा निर्णय परतीच्या विमानतळावरील आरोग्य अधिकाऱ्याचा असतो. म्हणून आजी-आजोबांना बरोबर नेण्याचा बेत असेल, तर त्रिनिदादऐवजी बार्बाडोस किंवा जमैकासारखे भारताच्या यादीत नसलेले बेट निवडणे अधिक सुरक्षित ठरते.

भारत इतका कडक का

त्रिनिदादमध्ये पिवळ्या तापाचा विषाणू प्रामुख्याने जंगलातील माकडांमध्ये आणि झाडांच्या शेंड्यावर वावरणाऱ्या डासांमध्ये फिरतो. तेथील लाल हाउलर माकडे या रोगाला फार लवकर बळी पडतात, त्यामुळे जंगलात माकडे मरू लागली की आरोग्य खाते सावध होते. 1978-79 मध्ये असा उद्रेक झाला आणि 2008-09 मध्येही मेलेल्या माकडांनी धोक्याची सूचना दिली. भारतात मात्र पिवळा ताप आजवर शिरलेला नाही, आणि ही गोष्ट जितकी सुदैवाची तितकीच चिंतेची आहे, कारण शहरांत हा रोग पसरवणारा एडिस इजिप्ती डास भारतभर आहे आणि कोट्यवधी लोकांमध्ये या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही.

हवानाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी 1881 मध्ये हा रोग डासामुळे पसरतो असे मांडले, वॉल्टर रीड यांच्या मंडळाने 1900 मध्ये ते प्रयोगांनी सिद्ध केले. आणि फिनले यांनी दोषी ठरवलेला डास म्हणजेच चितेगावच्या गल्लीत डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस होय. तो गटारात नव्हे तर घरातल्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. जायकवाडीचे धरण पैठणला, म्हणजे याच रस्त्याच्या टोकाला असले, तरी मराठवाड्यात नळाला पाणी रोज येईल याची खात्री नसते. त्यामुळे घरोघरी प्लास्टिकचे ड्रम, सिमेंटची टाकी, रांजण आणि हौद भरून ठेवणे ही हौस नसून गरज असते. अशा ड्रमच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, एडिसची काळी सूक्ष्म अंडी चिकटलेली असतात. पाणी संपून ड्रम कोरडा पडला तरी ती कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरले की आठवडा-दीड आठवड्यात डास उडू लागतो. आरोग्य खाते ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस’ पाळायला सांगते आणि ड्रमची कड घासून पुसायला लावते, ते याचसाठी. त्याच खात्याचे कर्मचारी हौदात आणि विहिरीत जे गप्पी मासे सोडतात, ते मूळचे त्रिनिदाद आणि आसपासच्या दक्षिण अमेरिकी किनाऱ्यावरील ओढ्यांतले असून डासांच्या अळ्या खाण्यासाठी जगभर नेले गेले.

पिवळ्या तापाचा विषाणू रक्तात घेऊन एक जरी प्रवासी अशा गावात परतला आणि त्याला तेथील एडिस चावला, तर जे घडू शकते त्याची चुणूक महाराष्ट्राने इतर रोगांत पाहिलेली आहे. 1973 मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला चिकुनगुनियाचा उद्रेक झाला. नंतर तो रोग तीन दशके जणू दिसेनासा झाला आणि 2005-06 मध्ये परतून मराठवाड्यासह मोठ्या प्रदेशात घरेच्या घरे अंथरुणाला खिळवून गेला. झिकाचा महाराष्ट्रातील पहिला रुग्ण जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर या खेड्यात आढळला. म्हणून पिवळ्या पुस्तिकेचा आग्रह हा कागदी सोपस्कार नाही; प्रवाशाने आपल्याच शेजाऱ्यांना दिलेले ते संरक्षण आहे, आणि नियमामागचे हे कारण समजलेला माणूस लस टाळण्याच्या पळवाटा शोधत नाही.

बेटावर उतरल्यावर

त्रिनिदादची वेळ भारताच्या साडेनऊ तास मागे आहे, त्यामुळे मधुमेहाच्या रुग्णाने इन्शुलिनच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून बसवून घ्याव्यात आणि औषधे चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत. वेदनाशामक गोळ्यांपैकी काहींत अफूजन्य घटक असतात, म्हणून मूळ वेष्टन फेकून देऊ नये. तेथील वीज 115 व्होल्टची आहे. नेब्युलायझर किंवा श्वसनाचे यंत्र नेणाऱ्याने ते त्या दाबावर चालते का, हे पाहून घ्यावे. लष्करी छापाचे कपडे घालणे त्रिनिदाद, बार्बाडोस आणि जमैका येथे सामान्य नागरिकाला बेकायदा आहे, आणि हा नियम लहान मुलांच्या कपड्यांनाही सोडत नाही. फळे, बियाणे आणि मांसजन्य पदार्थांवर निर्बंध असल्याने घरच्या खाऊतील काय नेता येईल, याची चौकशी आधी करावी.

बेटाचे खरे सौंदर्य आणि आरोग्याची खरी परीक्षा जवळजवळच असतात. पोर्ट ऑफ स्पेनच्या दक्षिणेकडील कॅरोनी दलदलीत संध्याकाळी लालभडक आयबिस पक्ष्यांचे थवे खारफुटीवर उतरतात, आणि नेमकी तीच वेळ अनेक जातींच्या डासांची असते. उत्तर डोंगररांगांतील अरण्यात पक्षी पाहणाऱ्याला मात्र दिवसाउजेडीच डास चावतात. पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे, डीईईटी किंवा पिकारिडिन असलेले मलम आणि खिडकीला जाळी असलेली खोली हा दोन्ही ठिकाणी उपयोगी पडणारा बंदोबस्त आहे. हिवताप या बेटावर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1965 मध्येच त्रिनिदाद आणि टोबॅगोला हिवतापमुक्त घोषित केले, तर हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक या देशांत तो अजून आहे. डेंग्यूचे चार प्रकार असून एका प्रकाराने एकदा आजारी पडलेल्याला दुसऱ्या प्रकाराची लागण अधिक गंभीर होऊ शकते, त्यामुळे पूर्वी डेंग्यू झालेल्या मराठवाड्यातील प्रवाशाने अधिक जपावे, आणि ताप आल्यास ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन न घेता पॅरासिटामॉल घेऊन डॉक्टर गाठावा. झिकाचा गर्भावर परिणाम होत असल्याने गर्भवती स्त्रियांनी प्रवासापूर्वी सल्ला घेणे अनिवार्य समजावे.

त्रिनिदादला विषाणुशास्त्राच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या मदतीने 1952 मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, उभी राहिली. त्याच सुमारास त्याच प्रतिष्ठानाच्या कार्यक्रमातून पोर्ट ऑफ स्पेनलाही प्रयोगशाळा स्थापन झाली आणि तेथे 1955 मध्ये ओरोपुश या विषाणूचा शोध लागला. हा विषाणू डासापेक्षा लहान, साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून शिरणाऱ्या चिलटांमार्फत पसरतो आणि अलीकडे क्युबासह काही देशांत त्याने डोके वर काढले आहे. त्रिनिदादचेच डॉक्टर जोसेफ लेनॉक्स पवान यांनी 1930 च्या दशकात रक्त पिणाऱ्या वटवाघळांमुळे माणसाला रेबीज होतो हे दाखवून दिले. आणि उसाच्या मळ्यांतील उंदीर मारण्यासाठी 1872 मध्ये कोलकात्याहून जमैकाला नेलेली मुंगसे कॅरिबियनमध्ये पुढे इतकी पसरली, की क्युबा आणि ग्रेनेडासारख्या बेटांवर तीच आज रेबीजचे वाहक आहेत. कोणत्याही प्राण्याचा चावा किंवा ओरखडा साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ लस घेणे, हा महाराष्ट्रात शिकलेला धडा तेथेही तितकाच खरा आहे.

खाण्यापिण्यात चितेगावच्या माणसाला परकेपणा वाटत नाही. बारा आणि चण्याचे ‘डबल्स’ रस्तोरस्ती मिळतात आणि ते गरमागरम खाल्ले तर धोका कमी असतो. पिण्याचे पाणी बाटलीबंद किंवा उकळलेले घ्यावे आणि कावीळ-अ, विषमज्वर व धनुर्वाताच्या लसी प्रवासापूर्वी अद्ययावत कराव्यात. माशांच्या बाबतीत एक विशेष इशारा आहे : बॅराकुडा किंवा मोठ्या ग्रूपरसारख्या प्रवाळखडकांतील माशांमध्ये सिग्वाटेरा नावाचे विष साठू शकते, ते शिजवून वा तळून नष्ट होत नाही आणि चवीवरूनही ओळखता येत नाही. अनेक बेटांच्या किनाऱ्यांवर मँचिनील नावाचे झाड असते. त्याचे लहान सफरचंदासारखे फळ खाणे तर सोडाच, पावसात त्याखाली उभे राहिले तरी पानांवरून गळणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात. मारकाससारख्या सुंदर किनाऱ्यावर ओढ घेणारे प्रवाह असतात, म्हणून जीवरक्षकांनी लावलेल्या झेंड्यांच्या हद्दीतच पोहावे.

विमा, वादळ आणि दूरच्या बेटावरील दुखणे

वैद्यकीय विम्याचे महत्त्व सांगायला भारतीय क्रिकेटचा इतिहास पुरेसा आहे. मार्च 1962 मध्ये ब्रिजटाउन येथे चेंडू डोक्याला लागून भारतीय कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली, तेव्हा बार्बाडोसमध्ये मेंदूचे शल्यविशारद नव्हते आणि पुढील शस्त्रक्रियेसाठी तज्ज्ञ त्रिनिदादहून आणावा लागला. प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल यांच्यासह चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी यांनी रक्त दिले. लहान बेटावर प्रत्येक उपचार मिळतोच असे नाही आणि रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जातो, म्हणून विमा घेताना त्यात वैद्यकीय स्थलांतराचा खर्च स्पष्टपणे समाविष्ट आहे का, हे वाचून घ्यावे. 1971 च्या दौऱ्यात बोटाच्या नखाला झालेल्या संसर्गामुळे गावसकर यांना पहिल्या कसोटीला मुकावे लागले, आणि शेवटच्या कसोटीत 124 आणि 220 धावा करताना त्यांना तीव्र दातदुखी सोसावी लागली. निघण्यापूर्वी दात दाखवून घेणे ही किरकोळ बाब नाही, हे यावरून पटावे.

1 जून ते 30 नोव्हेंबर हा अटलांटिकच्या चक्रीवादळांचा हंगाम असतो. त्रिनिदाद दक्षिणेला असल्याने वादळांच्या मुख्य पट्ट्याच्या कडेला राहते, पण शेजारची बेटे तेवढी सुदैवी नाहीत. 29 जून 2024 रोजी रोहित शर्मा यांच्या नेतृत्वाखाली भारताने ब्रिजटाउनला टी-20 विश्वचषक जिंकला आणि लगेच बेरिल वादळामुळे विमानतळ बंद होऊन संपूर्ण संघ बार्बाडोसमध्ये अडकला. विशेष विमानाने तो 4 जुलैला मायदेशी पोहोचला. सामान्य प्रवाशासाठी विशेष विमान येत नाही. त्याने प्रवासाचा काळ डिसेंबर ते मे ठेवावा, औषधांचा साठा आठवडाभर जादा घ्यावा आणि पूर आल्यास साचलेल्या पाण्यात अनवाणी चालू नये, कारण उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस अशा वेळी बळावतो. त्रिनिदाद सरकारने 30 डिसेंबर 2024 रोजी वाढत्या गुन्हेगारीमुळे आणीबाणी जाहीर केली होती; म्हणून पोर्ट ऑफ स्पेनमधील भारतीय उच्चायुक्तालयाच्या सूचना पाहत राहणे आणि रात्री निर्जन भागात न जाणे हेही सुरक्षिततेच्या तयारीचाच भाग आहे.

परतीचा प्रवास

मुंबईला उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधी विमानतळ आरोग्य संघटनेचा कक्ष लागतो आणि तेथे त्रिनिदादहून आलेल्या प्रवाशाकडे पिवळी पुस्तिका मागितली जाते. भारतीय विमान (सार्वजनिक आरोग्य) नियम, 1954 नुसार, पिवळ्या तापाचा प्रदेश सोडून सहा दिवस झालेले नसताना आलेल्या आणि वैध प्रमाणपत्र नसलेल्या व्यक्तीला उरलेले दिवस विलगीकरणात ठेवता येते. नऊ महिन्यांखालील बालकांना प्रमाणपत्राची अट नाही. सहा दिवसांचा हिशेब रोगाच्या अधिशयन काळावर, म्हणजे डास चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळावर, बेतलेला आहे. लस घेऊन दहा दिवस पूर्ण झाले नसतील, तर पुस्तिका असूनही हाच नियम लागू होतो. परतीच्या वाटेवर शेजारच्या एखाद्या बेटावर थांबायचे असेल, तर तेथेही त्रिनिदादहून आलेल्या प्रवाशाकडे हीच पुस्तिका मागितली जाऊ शकते.

घरी पोहोचल्यावरही जबाबदारी संपत नाही. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर घरगुती उपायांवर न विसंबता शहरातील घाटी रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जाऊन त्रिनिदादहून आल्याचे आवर्जून सांगावे, कारण प्रवासाची माहिती नसेल तर डॉक्टर नेहमीच्या तापांपलीकडे विचार करण्याची शक्यता कमी असते. आणि त्या काळात मच्छरदाणी वापरून एडिसला आपल्या रक्तापर्यंत पोहोचू देऊ नये. झिकाच्या भीतीने पुरुषांनी तीन महिने आणि स्त्रियांनी दोन महिने गर्भधारणा पुढे ढकलावी, अशी सर्वमान्य सूचना आहे. पासपोर्ट, वाटेतल्या देशाचा व्हिसा, पिवळी पुस्तिका, विमा आणि डासांपासून संरक्षण या पाच गोष्टींची तयारी याच क्रमाने केली, तर चितेगावच्या कोणत्याही कुटुंबाला कॅरोनीचे लाल पक्षी आणि क्वीन्स पार्क ओव्हलचे मैदान निर्धास्तपणे पाहता येते, आणि आपल्या गावाच्या पाण्याच्या टाक्यांना एका परक्या रोगाचे घर होऊ न देण्याचे कर्तव्यही त्याच तयारीत पार पडते.